अंगठ्यासाठी तीन महिने

भिलाईत माझ्यापेक्षा जास्त वेळा नवं आयुष्य सुरू केलेला माणूस कोणी दाखवला, तर पावर हाउसच्या चौकात मी त्याला हार घालीन आणि वरून दोन आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, खाऊ घालीन. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत मी गुढीपाडव्याला साखर सोडली, एक जानेवारीला भात सोडला, वाढदिवसाला दोन्ही पुन्हा सोडलं, अक्षय्य तृतीयेपासून पहाटे उठायला लागलो आणि एकदा तर घरात नवा फ्रीज आला म्हणून त्या मुहूर्तावर थंड पाणी सोडलं. मी सोडलेली साखर एका जागी साठवली असती तर तिला लागलेली मुंग्यांची रांग दुर्ग ओलांडून राजनांदगावच्या पुढे गेली असती, आणि अर्ध्या मुंग्यांना मधुमेह झाला असता.

बायकोचा हिशेब वेगळा आहे. ती म्हणते, "रांग गल्लीच्या बाहेरबी जात नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच डबा उघडता."

तिसऱ्या दिवसाशी माझं काहीतरी जुनं वैर असावं. पहिल्या दिवशी मी पांढरे बूट घालून असा निघायचो की कॉलनीतली कुत्री आदरानं उठून बाजूला व्हायची. परत येईपर्यंत मी मनातल्या मनात पंधरा किलो उतरलेला असायचो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखायच्या, पण कालची शान अजून अंगावर असायची. तिसऱ्या दिवशी पाऊस यायचा, नाहीतर पाहुणे यायचे, आणि यातलं काहीच नाही आलं तर नुसता तिसरा दिवस यायचा. तेवढ्यानंही भागायचं.

यावर माझ्याकडे एक शास्त्र होतं. मी वर्धेकडचा. कोवळ्या मिशांचा असताना भिलाईत आलो आणि चौतीस वर्षं लोखंडाच्या भट्टीवर काढली. भट्टी म्हणजे घरातली चूल नव्हे. ती एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते. मधेच थंड पडली तर आतलं लोखंड दगडासारखं बसतं, आणि मग काडी ओढली आणि पेटली असं होत नाही. आतून फोडून साफ करा, डागडुजी करा, दिवस ठरवा, नारळ फोडा, मोठ्या साहेबांना हेल्मेट घालून रांगेत उभं करा, तेव्हा कुठं ती पुन्हा पेटते. माझं म्हणणं, शरीराचंही तेच. एक दिवस चालणं चुकलं की भट्टी थंड. आता उगाच अर्धवट फुंकून उपयोग नाही. चांगला दिवस बघून, नारळ फोडून, नव्यानं पेटवायची. तोपर्यंत मधल्या दिवसांत जिलेबी खाल्ली काय न खाल्ली काय, थंड भट्टीला काय फरक पडतो?

हे मी चारचौघांत हसत सांगायचो. पण माझा त्यावर पक्का विश्वास होता.

मग एका मे महिन्यात बायकोनं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या. भिलाईचा मे म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या उन्हात गच्चीवर कावळा बसला तर उडताना भाजलेल्या पापडासारखा आवाज करतो. दुपारी बारा-साडेबाराला मी पाण्याची टाकी बघायला वर गेलो. चपला जिन्यातच राहिल्या. शेजारच्या गच्चीवर शेजारी उभा होता. हा प्लांटमधूनच निवृत्त झालेला छत्तीसगढी माणूस, मोठा सज्जन. सज्जन म्हणजे माझी कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारा. मी त्याला भट्टीची एक हकीकत सांगायला घेतली. एकदा वितळलेलं लोखंड नाला सोडून आमच्याकडे वळलं आणि मी त्यावरून उडी मारली, ती हकीकत. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो ओघळ हातभर रुंद होता. त्या दुपारी तो शिवनाथ नदीएवढा झाला होता, त्यामुळे ओलांडायला वेळ लागला.

खाली आलो, पंख्याखाली बसलो. बायको पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिथंच थांबली. जिन्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशीवर ओले डाग होते. "पाय धुवून आले का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं खाली बसून माझा डावा पाय उचलला. अंगठ्याखालची कातडी फुगून फुटली होती, आणि ते डाग पाण्याचे नव्हते.

"अहो, दुखून नाही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. मला खरंच काही वाटलं नव्हतं.

चौतीस वर्षं मी उकळत्या लोखंडासमोर उभा राहिलो आणि अंगावर एक फोड येऊ दिला नाही. भाजलो तो स्वतःच्या घराच्या सिमेंटवर, स्वतःच्याच शौर्याची गोष्ट सांगताना, आणि तेही मला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं जखम पाहून विचारलं, "अंकल, दर्द नहीं हुआ?"

"बिल्कुल नहीं," मी छाती काढून म्हटलं.

"यही तो बीमारी है," ती म्हणाली.

साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. ती जखम भरायला पूर्ण पावसाळा लागला. रोज ड्रेसिंग, पाय उशीवर, घरात त्या पायाला जावयापेक्षा जास्त मान. श्रावणाच्या शेवटी एकदाची खपली पडली आणि डॉक्टरणीनं मला व बायकोला समोर बसवलं. या वेळी अंगठा वाचला, ती म्हणाली. साखर अशीच राहिली आणि पुन्हा जखम झाली तर कापावा लागेल, आणि अंगठ्यावरच थांबेल याची खात्री देता येणार नाही. तीन महिने देते. गोळ्या चुकवायच्या नाहीत, गोड बंद, जेवणानंतर चालायचं, तेही बंद बूट घालून, आणि तळवा रोज पाहायचा. तीन महिन्यांनी साखरेची तपासणी करू.

बायको पूर्ण वेळ डॉक्टरणीकडं पाहत नव्हती. ती माझ्या पायाकडं पाहत होती.

रिक्षातून येताना मी तिला म्हटलं, "परवा पोळा आहे. पोळ्यापासून सुरू."

"आजपासून काऊन नाही?"

"चांगल्या दिवशी सुरू केलं तर टिकते."

पोळ्याच्या दिवशी मात्र एक अडचण निघाली. त्या दिवशी बैलालाही कामाला जुंपत नाहीत, त्याला सुट्टी असते. मग मी बैलापेक्षा गेलो का? दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा तान्हा पोळा असतो, त्या दिवशी सुरू केलं. दोन दिवस अप्रतिम चाललो. तिसऱ्या दिवशी गणपती तोंडावर येऊन ठेपले. गणपतीला मोदक, मागोमाग महालक्ष्म्या जेवायला आल्या, पुरण आलं, सोळा भाज्या आल्या, आंबील आली. भट्टी थंड. नवीन मुहूर्त शोधायला मी पंचांग उघडलं तर समोर पितृपक्ष.

"आता पंधरा दिवस नवं काम सुरू करता येत नाही," मी बायकोला म्हटलं. "आपल्यात नाही चालत."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग साखरेलेबी सांगून द्या. पितृपक्ष आहे, वाढू नको म्हना."

मी हसलो. ती नाही हसली. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

तीन महिन्यांतला एक महिना असा गेला, आणि घटस्थापना आली. याहून चांगला दिवस कुठला? मी नारळ फोडला, उपासही धरला. आमच्यात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी. एवढा मोठा उपास केल्यावर माणसाला झोप येते. तिसऱ्या दिवशी मी चाललो नाही.

पण या वेळी एक नवीन भानगड होती. पुण्याच्या मुलीनं माझ्या मोबाईलमध्ये पावलं मोजणारं काहीतरी टाकून दिलं होतं. मी किती चाललो ते तिला पुण्यात बसून दिसायचं. पहिले दोन दिवस तिनं फोनवर एवढी तारीफ केली, "बाबा, क्या बात है! तुम्ही तर एकदम भारी करून राहिले!" की तिसऱ्या दिवशी शून्य दाखवायची माझी हिंमत होईना.

बायको नवरात्रात रोज सकाळी देवीच्या देवळात जायची. देऊळ घरापासून बरंच लांब. तिची एक जाड कापडी पिशवी होती. तिला आतून एक कप्पा होता, त्यात ती जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या घड्या करून ठेवायची, आणि त्या कप्प्यात वर्षानुवर्षं कोणी हात घातला नव्हता. मी मोबाईलचा आवाज बंद केला आणि तो त्या कप्प्यात, पिशव्यांच्या खाली सरकवला. ती निघाली की पाठोपाठ बूट घालून मीही निघायचो, आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर बसायचो. बिनसाखरेचा चहा प्यायचो, हे नमूद करतो. एकदा-दोनदा साखरेचा. ती यायच्या आधी घरी, कपाळावर पाण्याचे चार थेंब मारून. ती स्वयंपाकघरात गेली की मोबाईल काढून घ्यायचो.

मुलगी खूश. "बाबा, आज आठ हजार!" सातव्या दिवसापर्यंत मी इतका चाललो होतो की माझी ख्याती पुण्यात तिच्या ऑफिसपर्यंत गेली. टपरीवर बसल्याबसल्या मलाही पाय थोडे दुखल्यासारखे वाटायला लागले.

अष्टमीला मी मोबाईलचा आवाज बंद करायला विसरलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही, बायकोनं सांगितलं तसं सांगतो. देवळात ही गर्दी, आरती रंगात आलेली, आणि हिच्या पिशवीतून रेल्वे इंजिनाचा भोंगा वाजायला लागला. माझ्या मोबाईलचा आवाज तो. ऐकू कमी येतं म्हणून मी सगळ्यात मोठा निवडला होता. बायका दचकून बाजूला झाल्या. हिनं पिशवी उपसली, प्लास्टिकच्या पिशव्यांखालून मोबाईल काढला. पलीकडे मुलगी. "आई? बाबांचा फोन तुझ्याकडे कसा? बाबा तर आता चालून राहिले ना, पाच हजार झाले त्यांचे."

बायको म्हणाली, "हो, चालूनच राहिले," आणि फोन ठेवला.

अष्टमीच्या गर्दीतून तिला घरी यायला दीड वाजून गेला, तेव्हा मी कपाळावर पुन्हा पाणी मारून तयार बसलो होतो. तिनं मोबाईल माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला. मी तोंड उघडलं. अशा वेळी माझ्याकडे कमीत कमी तीन गोष्टी तयार असतात, एक विनोदी, एक करुण आणि एक ज्यात दोष शेजाऱ्याचा निघतो. तिनं हात वर केला.

"बोलू नका."

ती खुर्चीवर बसली आणि तिनं पाय समोर घेतले. तळवे काळे, टाचांना भेगा, एका भेगेत वाळलेलं रक्त. तेव्हा मला आठवलं, की आठ दिवस दारातून निघताना हिच्या पायात चपला नव्हत्या. मी रोज पाहत होतो. नवरात्रात बऱ्याच बायका अनवाणी चालतात, त्यात विचारायचं काय, असं वाटलं होतं.

"नवस बोलली होती," ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्यासाठी. नऊ दिवस अनवाणी जाईन म्हटलं. अन रोज देवीले सांगत होती, की मायमाउली, मानूस चालून राहिला आता, पोरगी सांगते आठ हजार झाले. तुझे उपकार." तिनं भेगेतला एक खडा नखानं काढला. "तिच्यासमोर उभी राहून मी खोटं बोलत होती. पिशवीत तुमचा फोन घेऊन."

माझ्याकडच्या तिन्ही गोष्टी कुठं गेल्या कळलं नाही. मी म्हटलं, "परवा दसरा आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. दसऱ्यापासून मी..."

"किती वाजले?" तिनं विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. "दोनला पाच कमी."

"सेकंड शिफ्ट कितीले लागते?"

"दोनला."

"चौतीस वर्षं मी तुमचे डबे भरले," ती म्हणाली. "फर्स्टचा पहाटे, सेकंडचा दुपारी, नाइटचा रात्री. त्या भट्टीचं मले काही समजत नाही, कधी पाहिली नाही. पन एवढ्या वर्षांत फर्स्ट शिफ्ट खराब गेली म्हणून सेकंड शिफ्ट दसऱ्याले लागली, असं मी कधी ऐकलं नाही. दोन वाजले की दुसरी गँग जाऊन उभी राहते. राहते का नाही?"

"राहते."

"मग उठा."

मी उठलो. बूट पायातच होते, फसवणुकीसाठी घातलेले. दुपारच्या दोन वाजता, ना नारळ ना मुहूर्त, कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावरून मी टोकाच्या मोठ्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. एकही कुत्रं उठलं नाही. पंधरा मिनिटांचं काम, पण त्या पंधरा मिनिटांत मला माझ्या त्या शास्त्रातला घोळ दिसला. चौतीस वर्षं मी त्या भट्टीवर होतो आणि तिच्याबद्दल एक चुकीची गोष्ट लक्षात ठेवून निवृत्त झालो होतो. भट्टी पेटवायचा सोहळा मी उभ्या नोकरीत फार तर तीन-चार वेळा पाहिला असेल, साहेब, नारळ, फोटो. तो लक्षात राहिला, कारण तो सोहळा होता. ती चालायची मात्र शिफ्टवर. नाइटवाले काहीतरी बिघडवून ठेवायचे, आम्ही सकाळी सहाला पोचायचो, लॉगबुकात त्यांच्या दोन ओळी वाचायच्या, नाल्याला चीर, पाणी कमी, अमुक वाजता दुरुस्त, खाली सही करायची, की चार्ज आमचा. मागच्या शिफ्टला शिव्या तोंडी द्यायच्या, वहीत लिहायच्या नाहीत, आणि शिव्या संपेपर्यंत काम सुरू झालेलं असायचं. दिवसातून तीन वेळा तिथं नवी सुरुवात व्हायची, आणि तिला कोणी सुरुवात म्हणत नव्हतं.

मी एक वही केली. दिवसाला तीन ओळी. सकाळी सहा ते दोन, दोन ते दहा, आणि दहा ते सहा, ज्यात काम एकच, झोपणे. फर्स्टमध्ये नाश्त्यानंतर पंधरा मिनिटं, सेकंडमध्ये दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा. गोळी घेतली की नाही, तळवा पाहिला की नाही. तळवा मला स्वतःला दिसत नाही, मधे पोट येतं, म्हणून त्या कामावर बायकोची नेमणूक झाली. शिफ्ट संपली की तिनं वाचून सही करायची. शिव्यांचं खातंही तिच्याचकडे, आणि ते तिनं पूर्ण निष्ठेनं चालवलं.

मुलीला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. सांगताना सहा दिवसांची फसवणूक चार दिवसांची केली, तेवढं चालतं. ती आधी चिडली, मग म्हणाली, "म्हणजे ते आठ हजार आईचे होते?" त्या दिवसापासून तिनं पावलं मोजणारं ते प्रकरण आईच्या फोनमध्ये टाकायचा हट्ट धरला. आईनं नकार दिला. म्हणाली, "मले माहीत आहे मी किती चालते."

शिफ्टवर माणूस सुधारला असं वाटत असेल तर वही वाचा. तिसरा दिवस आला आणि नेहमीसारखाच आला. सेकंड शिफ्ट: पाहुणे, बसून राहिलो, सोनपापडी. खाली बायकोची सही. पण ओळ संपली होती आणि खाली पुढची ओळ रिकामी होती, आणि रिकामी ओळ मला पूर्वीपासून बघवत नाही. दिवाळीत एका आख्ख्या दिवसाच्या तिन्ही शिफ्टा वाया गेल्या. त्यातली नाइटची कशी वाया गेली, झोपेत काय खाल्लं, हे बायकोनं विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. पूर्वी असा दिवस आला की मी सरळ पंचांगाकडे जायचो. या वेळी सकाळी सहाला उठून चार्ज घेतला, अपराध्यासारखा, पण घेतला.

पाडवे, दसरे, जानेवारीची एक तारीख, यांच्यावर माझा राग नाही. उलट मला ते अजूनही फार आवडतात, आणि का आवडतात याचा मी टाकीपर्यंत जाता-येता बराच विचार केला. तरुणपणी दर वर्षी काहीतरी पहिलं घडत असतं, पहिली नोकरी, पहिलं घर, पहिलं लेकरू. साठी ओलांडली की पहिल्या गोष्टी संपतात, आणि जे काही घडतं ते बहुतेक शेवटचं किंवा शेवटून दुसरं असतं. मग माणूस कॅलेंडरातून सुरुवात ओढून काढतो. त्या पहिल्या दिवशी मला जे वाटायचं ते प्रकृतीबद्दल नव्हतंच. त्या दिवशी कालपर्यंतचा सगळा मी, खादाड, आळशी, बधिर पायाचा, कोणी दुसराच माणूस व्हायचा आणि त्याची जबाबदारी माझ्यावर नसायची. शिफ्टमध्ये ही सोय नव्हती. तिथं चार्ज घेताना मागच्या शिफ्टचा कचराही आपलाच. मला वाटतं याच कारणानं ती जास्त दिवस चालली, आणि याच कारणानं ती कधी गोड वाटली नाही.

तीन महिने पुरे झाले तेव्हा सकाळी स्वेटर लागायला लागले होते. तपासणीचा कागद आला. डॉक्टरणीनं तो पाहिला, आधीचा काढून शेजारी ठेवला, आणि म्हणाली की साखर उतरली आहे, हवी तेवढी नाही, पण चांगली उतरली आहे. तीनातला सव्वा महिना पंचांगात घालवलेल्या माणसासाठी हे फार झालं, असं मी म्हणणार होतो, पण तिला पंचांगाचं माहीत नव्हतं.

मग तिनं मला पलंगावर झोपवलं, पाय उघडे केले आणि डोळे मिटायला सांगितले. तिच्या हातात नायलॉनचा एक ताठ धागा होता. तो तळव्याला टेकवला की मी सांगायचं.

मला जिंकायचं होतं. इतक्या शिफ्टा केल्यावर माणसाला बक्षीस हवं असतं. मी डोळे मिटले, श्वास रोखला आणि थोड्या वेळानं ठासून म्हटलं, "लगा! अंगूठे पे!"

"अंकल," डॉक्टरीण म्हणाली, "मैंने अभी लगाया ही नहीं।"

बायको फिसकन हसली, मग तिचं हसणं थांबेना, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ते हसणं राहिलं नाही. मी डोळे उघडले नाहीत. "चला, परत लावा," मी मराठीतच म्हटलं, आणि या वेळी खरं खरं लक्ष दिलं. टाचेला कळलं. बाहेरच्या कडेला कळलं, फार लांबून कोणी हाक मारावी तसं. मग बराच वेळ काही नाही. मी वाट पाहत राहिलो. काहीच नाही.

"अब लगाया?" मी विचारलं.

"लगा रही हूँ," ती म्हणाली. "अंगूठे पर ही।"

अंगठा शाबूत आहे, तिनं नंतर समजावून सांगितलं. कातडी चांगली आहे, रक्त पोचतंय, कापायचा विषय आत्ता नाही. पण त्याला जाग बहुतेक येणार नाही. त्याचं दुखणं आता त्याला कळणार नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी रोज बघावं लागेल. सहा महिन्यांनी परत या.

बाहेर बाकावर बसून मी मोजे चढवले. बायको शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "अंगठ्याले किती वेळा समजलं?"

मोठा आकडा जिभेवर आला होता. तो गिळला.

"एकदाबी नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी डावा बूट घातला, लेस ओढली, पण आतमध्ये अंगठा नीट बसला की दुमडला, मोजा गोळा झाला की काय, हे मला कुठून कळणार? ती खाली बसली, बुटाच्या टोकावरून बोटांनी दाबत दाबत पाहिलं, लेस सोडून पुन्हा बांधायला लावली, पुन्हा दाबलं.

"बसला का?" मी विचारलं.

"बसला."

तिच्या शब्दावर मी उभा राहिलो आणि पाय पुढे टाकला.